बाळाला रिफ्लक्सचं (पोटातलं दूध परत वर येतं, त्यावरचं) औषध देताना चमचा नको, सिरिंज घ्या

आमच्या फोंड्याला घरात आजी म्हणायची चमच्याने दे गो, पण घरातला चमचा कधी ३ मिली कधी ७, आणि बाळाचा डोस असतो अर्धा-एक मिली, म्हणून फार्मसीतून बिनसुईची सिरिंज आणा, टोपी असेल तर आधी काढून फेका, घशात जायची. बाळाला आडवं न ठेवता मांडीवर थोडं उभं धरा, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला, थेट घशात नाही, आणि थोडं थोडं सोडा, गिळलं की पुढचं.

सगळ्यात मोठी चूक ड्रॉप्स आणि सिरपची. नाव एकच, पण ड्रॉप्स कितीतरी पट स्ट्राँग असू शकतात! बाटली बदलली की डोस परत विचारायचा. दुधाच्या बाटलीत मिसळू नका, दूध उरलं तर औषध किती गेलं कळत नाही. लगेच ओकलं तरी दुसरा डोस मनाने नाही, डॉक्टरला फोन. वजन वाढलं की डोस बदलतो, तेही विचारा.

आणि बाळ हसत-खेळत गुळणी टाकतंय, वजन वाढतंय, तर बहुतेकदा औषध लागतच नाही. उलटी हिरवी किंवा रक्ताची दिसली तर मात्र थेट हॉस्पिटल.