एकाच यानाच्या फेऱ्यांची वही कशी लिहावी

लातूर डेपोत मी तीस वर्षं गाड्यांच्या नोंदी लिहिल्या. रिटायर झाल्यावर नातीनं शाळेच्या प्रदर्शनासाठी अवकाशयानाचा तक्ता करून मागितला. अमेरिकेच्या शटलच्या, म्हणजे जाऊन परत येणाऱ्या यानांच्या, उड्डाणांचं नाव निघालं एसटीएस, म्हणजे स्पेस ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम. म्हटलं, हे तर आपलंच खातं!

कुणाच्या घरी असं लेकरू मागं लागलं असेल तर आधी एक करा: पाचही यानं एका वहीत कोंबू नका. एकच घ्या. आम्ही कोलंबिया घेतलं. ते सगळ्यांत आधी उडालं, आणि कल्पना चावला दोन्ही वेळा त्यातूनच गेल्या.

रकाने सहा आखा: यानाची स्वतःची कितवी फेरी, उड्डाणाचं नाव, सुटल्याची तारीख, उतरल्याची तारीख, उतरलं कुठं आणि शेरा. पहिले दोन रकाने एकच समजू नका. मी तसं समजलो आणि दोन पानं फाडावी लागली. मी नंबराच्या क्रमानं लिहीत गेलो. पण नंबर ठरायचा आधी आणि यान सुटायचं नंतर, मागंपुढं होऊन. क्रम लावायचा तो तारखेनंच.

१९९७ सालच बघा. ४ एप्रिलला एसटीएस-८३ सुटलं. वीज देणाऱ्या एका इंधनघटात बिघाड निघाला, म्हणून काम अर्धवट टाकून ८ तारखेला परत. मग तीच सात माणसं, तेच सामान घेऊन १ जुलैला कोलंबिया पुन्हा गेलं. औशाजवळ गाडी बंद पडावी, ओढून डेपोत आणावी, दुरुस्त करून त्याच ड्रायव्हर-कंडक्टरसह पुन्हा सोडावी, तसं. या फेरीला नाव दिलं एसटीएस-९४. त्यानंतर १९ नोव्हेंबरला कल्पना चावलांची पहिली फेरी, तिचं नाव मात्र एसटीएस-८७! वहीत या ओळी येतात २२, २३ आणि २४.

मधल्या काळात नावात अक्षरं घुसतात. कोलंबियाच्या वाट्याला असं एकच आलं, एसटीएस-६१-सी. यातला ६ म्हणजे १९८६ चं आर्थिक वर्ष (त्यांचं ऑक्टोबरला सुरू होतं), १ म्हणजे फ्लोरिडातलं केनेडी केंद्र, सी म्हणजे त्या वर्षासाठी ठरवलेलं तिसरं. ते १८ जानेवारीला उतरलं आणि दहाच दिवसांनी चॅलेंजर हे दुसरं शटल सुटल्यावर ७३ सेकंदांत तुटलं. उड्डाणं थांबली. पुढं १९८८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा साधे आकडे परत आले.

उतरल्याच्या जागेचा रकाना आळस करून गाळू नका. तिसऱ्या फेरीला कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावरचं कोरडं तळं पावसानं भिजलेलं होतं, म्हणून ३० मार्च १९८२ ला यान न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला उतरवलं. सगळ्या शटलच्या इतिहासात तिथं तेवढं एकदाच.

वेळ लिहायची तर एकाच घड्याळाची लिहा. १२ एप्रिल १९८१ ची पहिली फेरी, जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन यांची, तिथल्या सकाळी ७ ला सुटली. आपल्याकडं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच.

अठ्ठाविसावी ओळ एसटीएस-१०७ ची. १०८ ते ११३ आधीच जाऊन आले होते, हे रखडत राहिलं आणि १६ जानेवारी २००३ ला सुटलं. ‘उतरलं’ या रकान्यापाशी नात थांबली. ‘‘आबा, इथं काय लिहू?’’ गाडी परत आली नाही तर डेपोत आम्ही रकाना कोरा सोडत नव्हतो, कारण लिहीत होतो. तेच लिहायला सांगितलं: १ फेब्रुवारी, उतरायला १६ मिनिटं राहिली असताना टेक्सासवर तुटलं. सुटताना इंधनाच्या टाकीवरून निसटलेला फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. सातही जण गेले.

शेवटी ताळा करा. कोलंबिया २८, चॅलेंजर १०, डिस्कव्हरी ३९, अटलांटिस ३३, एंडेव्हर २५. बेरीज १३५ यायला हवी. नातीनं आता डिस्कव्हरी घेतलंय. एका पानात ३९ ओळी मावेनात, म्हणून खाली खळ लावून अर्धं पान जोडलंय.