गणपतीला गावी निघण्याआधी गाडीचं काय काय बघायचं

“अगं, परवाच सर्व्हिसिंग करून आणलीय,” हे मी आईला एका वर्षी पाटणच्या पुढे, भर पावसात, तीनदा ऐकवलं होतं. ती छत्री धरून उभी, मी चिखलात उकिडवा. मागचं टायर बसलेलं. स्टेपनी काढली तर अंगठ्याने दाबली जात होती. त्यात चाकाचे नट सुटेनात, कारण गॅरेजात ते हवेच्या गनने आवळलेले आणि गाडीसोबत मिळणारा पाना वीतभर. शेवटी एक टेम्पोवाले दादा थांबले, त्यांनी पान्याला लोखंडी पाइप अडकवला, त्यावर उभे राहिले, तेव्हा कुठे पहिला नट करकरला.

तेव्हापासून आमची यादी स्टेपनीपासून सुरू होते, आणि ती निघायच्या आदल्या रात्री नाही, तीन आठवडे आधी काढायची. घराच्या पार्किंगमध्ये, कोरड्यात, एकदा स्वतः जॅक लावून चाक बदलून बघा. नट सुटत नसतील तर पंक्चरवाल्याकडे जाऊन हाताच्या पान्याने पुन्हा आवळून घ्या आणि लांब दांड्याचा पाना विकत घेऊन टाका. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असते आणि तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ती पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचायला दिलेली आहे, गुहागरपर्यंत नाही.

स्टेपनी झाली की चारही टायर. नक्षीच्या खाचांत मध्येच छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खाच 1.6 मिलिमीटरच उरली, म्हणजे टायर संपलं. माझं मत विचाराल तर पावसात कोकणात जाताना इतकी वाट बघूच नये. टायरचं वयही बघा: बाजूवर चार आकडे असतात, 3520 म्हणजे 2020 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेलं. गाडी फारशी फिरली नाही म्हणून नक्षी शाबूत दिसते, पण सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या डांबरावर ते कळतं.

हवा किती, हे पंपावरच्या पोराला विचारू नका. तो सगळ्यांना “पस्तीस भरू?” म्हणतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, आणि गणपतीला आपली गाडी भरलेलीच असते. टायर थंड असताना मोजा. नायट्रोजनसाठी पैसे द्यायचे तर द्या, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरा दिवसांनी मोजणं महत्त्वाचं.

वायपरची रबरं मे महिन्याच्या उन्हात वाळतात आणि भाद्रपदात काचेवर फर्रफर्र करत रेघा ओढतात. दरवर्षी बदला, फार महाग नाहीत. काच आतूनही पुसा, आतला तो तेलकट थर रात्री समोरचे दिवे पसरवतो. घाटात काच धुरकटली की हाताने पुसू नका, एसी लावा आणि हवा आत फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. बोनेट आणि काचेच्या मधल्या जाळीत झाडाखाली उभ्या गाडीला पानं साचतात, खालची भोकं बुजतात आणि पाणी थेट पायाशी येतं. दोन मिनिटांचं काम आहे, गॅरेजवाला सांगितल्याशिवाय करत नाही.

तसाच उंदीर. पावसाळ्यात तो गरम इंजिनाशेजारी ऊब शोधत येतो आणि वायरी कुरतडतो. बाप्पाचं वाहन आपल्या वाहनात, म्हणायला गोड आहे. तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या दोन्ही करून झाल्या. खात्रीचा उपाय एकच, दर दोन-तीन दिवसांनी बोनेट उघडून बघणं.

गॅरेजात मात्र नुसतं “सर्व्हिसिंग करा” म्हणू नका, नेमकं सांगा: चारही चाकांचे ब्रेक लायनर उघडून दाखवा, ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर बदला (ते हवेतली ओल पितं आणि तापलं की ब्रेक पोकळ लागतो), बॅटरी मीटर लावून तपासा. तीन-चार वर्षांची बॅटरी उन्हाळ्यात निभावते. पाऊस, दिवे, वायपर, एसी आणि मागे चार मोबाइल चार्जिंगला लागले की दगा देते.

कागदपत्रांचं थोडक्यात: विमा, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये आधीच उतरवून ठेवा, कुंभार्ली घाटात रेंज शोधत बसू नका. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघा. गणेशभक्तांना टोलमाफीचे पास गेली काही वर्षं मिळतात, आरटीओ किंवा वाहतूक पोलिसांकडे वेळेत चौकशी करा. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलंय का, हे नूतनीकरणाच्या वेळीच बघायची गोष्ट. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. पाणी इंजिनात ओढलं गेलं तर खर्च लाखाच्या घरात जातो आणि साधा विमा बहुधा हात वर करतो. ढकलून बाहेर काढा. लोक मदतीला येतात, कोकणात तर नक्की.

घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे काका प्रत्येक घरात असतात. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच करतात, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळतं. म्हणजे वाचत काही नाही, लायनर तेवढे जळतात. चढायला जो गिअर लागला असता तोच उतरायला. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आणि धो-धो पावसात चारही इंडिकेटर लावून पळू नका, तुम्ही वळताय की नाही ते मागच्याला कळत नाही.

सामान भरणं हा निघायच्या आदल्या संध्याकाळचा कार्यक्रम. थर्माकोलवर 2018 मध्ये बंदी आली, पण पुठ्ठ्याचं मखर तेवढीच जागा खातं. ते मागच्या काचेला लावून आरसा आंधळा करू नका. जड पिशव्या खाली, सीटच्या पाठीला टेकवून. भाच्यांसाठी आलेपाक आणि कागदी पिशव्या पुढच्या खणात. मुख्य म्हणजे पाना, जॅक, टॉर्च, लाल त्रिकोण आणि एक जुना रेनकोट डिकीत तळाशी गाडायचा नाही, पुढच्या सीटखाली ठेवायचा. स्टेपनी आणि आपल्या मध्ये मोदकपात्र, तांदळाची पिशवी आणि आरतीचं ताट आलं की रस्त्यावर सगळा संसार मांडावा लागतो. छत्रीचा प्रश्न आमच्याकडे मिटलेला आहे. आई ती पाटणच्या त्या दिवसापासून डिकीत ठेवू देत नाही, मांडीवर घेऊनच बसते.