सेकंड हँड व्ही-ट्विन घेतल्यावर: आधी ओळख, मग बदल

सेकंड हँड व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेली बाइक, दारात उभी राहिली की पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न पडतात. इंजिन असं अडखळत का वाजतंय? आणि हँडल, सीट, सायलेन्सर कधी बदलायचं? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याबाबत माझा आग्रह आहे की निदान हजार किलोमीटर गाडी आहे तशी चालवा. नव्या मालकाला जे खटकतं, त्यातलं बरंचसं झिजलेल्या भागांमुळे किंवा आधीच्या मालकाने करून ठेवलेल्या सेटिंगमुळे असतं. तिथे दुरुस्तीने भागतं, नवा पार्ट लागत नाही.

आधी आवाज समजून घ्या

हार्लेच्या पारंपरिक इंजिनात दोन सिलिंडरमध्ये ४५ अंशांचा कोन असतो आणि दोन्ही पिस्टन क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, एकाच पिनला जोडलेले असतात. त्यामुळे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. एका ठोक्यानंतर क्रँक ३१५ अंश फिरतो तेव्हा दुसरा पडतो, आणि पुढचा त्यानंतर ४०५ अंशांनी. हा असमान ताल म्हणजे बिघाड नाही, ती त्या इंजिनाची रचनाच आहे. डुकाटी किंवा सुझुकी एसव्ही ६५० मध्ये कोन ९० अंशांचा आहे. तिथे अंतर २७० आणि ४५० अंशांचं पडतं आणि कंपनं बरीच कमी जाणवतात. मोटो गुझीत सिलिंडर आडवे, दोन्ही बाजूंना बाहेर डोकावणारे. उभ्या गाडीचा थ्रॉटल झटकन फिरवला की गाडी एका बाजूला हलकेच कलते. पहिल्यांदा दचकायला होतं, पण क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवल्याचा तो परिणाम आहे.

मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट न घेणं, ओळखायचं तर कानावर विसंबू नका. थंड इंजिन सुरू करा आणि मिनिटभराने दोन्ही सायलेन्सर पाइपवर इंजिनाजवळ पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. एका पाइपवर चुर्र झालं आणि दुसऱ्यावर पाणी तसंच राहिलं, तर एक सिलिंडर काम करत नाही. नंतर इंजिन थंड झालं की प्लग काढून शेजारी ठेवा. एक फिका तपकिरी आणि दुसरा काळाकुट्ट असेल, तर दोष त्या एका सिलिंडरच्या पेट्रोलमध्ये किंवा ठिणगीत आहे. ही सोय सिंगल सिलिंडरवाल्याला मिळत नाही: इथे तुलनेला जोडीदार कायम हजर असतो.

कागदपत्रांवर नको, गाडीवर विश्वास ठेवा

सर्व्हिस झाली आहे असं विकणारा सांगतो. खरंही असेल, पण ऑइल आणि फिल्टर बदलूनच सुरुवात करा. ज्या गाडीचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, तिला डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल लागतं. मोटारीचं घसरण वाढवणारं ऑइल घातलं तर क्लच स्लिप होऊ शकतो. बऱ्याच हार्लेंमध्ये इंजिन, प्रायमरी (इंजिनाची ताकद क्लचकडे नेणारा भाग) आणि गियरबॉक्स यांची ऑइल वेगवेगळी असतात, तेव्हा तिन्ही तपासा. शाफ्टवर चालणारी गाडी असेल तर मागच्या चाकाजवळच्या ड्राइव्हचं ऑइलही आहे, आणि नेमकं तेच सगळे विसरतात.

टायरची नक्षी खोल दिसली तरी त्याचं वय बघा. बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. क्रूझर वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या असतात. टायर नवा दिसतो, पण रबर कडक झालेलं असतं, आणि ओल्या रस्त्यावर ते जीवघेणं ठरतं.

ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं. त्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. डॉट ४ आणि सिलिकॉनवालं डॉट ५ कधीही मिसळू नका. २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक हार्लेंमध्ये डॉट ५ होतं. डुकाटी बेल्टवाली असेल आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर बेल्ट बदलूनच टाका. रबराचं वय उभ्या गाडीतही वाढतं, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

आता मल्टिमीटर घ्या. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी आणि इंजिन सुरू करून मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांवर साधारण १३.८ ते १४.५. त्याहून कमी किंवा जास्त दाखवत असेल तर स्टेटरपासून (वीज तयार करणारा भाग) रेग्युलेटरकडे (व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा भाग) जाणारा कनेक्टर उघडून पाहा. जुन्या गाड्यांत तो तपकिरी होऊन करपलेला बऱ्याचदा सापडतो.

शेवटी पुढचं चाक उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा. बरोबर मध्यभागी ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल, तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले आहेत. वळणावर गाडी नाखूश वाटण्याचं कारण अनेकदा इथेच सापडतं.

हाताला आणि डोक्याला सवय लावणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लांब व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर), पुढे झुकलेले फोर्क, खाली बसलेलं वजन: सरळ रस्त्यावर क्रूझर शांत चालते, पण संथ वळणात जड वाटते. रिकाम्या मोकळ्या जागेत रोज अर्धा तास सराव करा. थ्रॉटल थोडासा आणि स्थिर, क्लच हाफवर, मागचा ब्रेक किंचित दाबलेला. हे तिन्ही एकत्र धरले की गाडी चालण्याच्या वेगातही तोल सोडत नाही. नजर जिथे जायचंय तिथे. पुढच्या चाकाकडे पाहिलंत की पाय खाली येणारच. संथ वळणात पुढच्या ब्रेकला हात लावू नका. गाडी त्या क्षणी आत पडते, आणि अडीचशे किलो वजन पायाने सावरता येत नाही.

मग ब्रेकचा सराव. ३० ते ४० च्या वेगातून, पुन्हा पुन्हा. क्रूझरचा मागचा ब्रेक स्पोर्ट्स गाडीपेक्षा जास्त कामाला येतो, कारण वजन मागे आणि व्हीलबेस लांब. तरीही थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त मागच्या ब्रेकवर चालवणारे मी खूप पाहिलेत. त्यांना गाडी थांबत नाही असं वाटतं आणि ते मोठी डिस्क शोधायला लागतात.

व्ही-ट्विनचं इंजिन ब्रेकिंग जोरदार असतं. गियर उतरवताना थ्रॉटलला हलका झटका देऊन क्लच सोडा, नाहीतर मागचं चाक उड्या मारतं. खालच्या फेऱ्यांवर ओढ भरपूर आहे म्हणून वरच्या गियरमध्ये गाडी रेटू नका. इंजिन धडधडत झटके द्यायला लागलं की एक गियर खाली या. उष्णतेचंही भान ठेवा: सिलिंडर एकामागे एक असतील तर मागच्याला वारा कमी मिळतो आणि त्याची झळ उजव्या मांडीला लागते. फार वेळ थांबायचं असेल तर इंजिन बंद करा.

या काळात एक छोटी वही ठेवा. काय खटकलं, किती वेगाला, किती किलोमीटरनंतर, एवढंच. पाठ वीस मिनिटांनी दुखते की दोन तासांनी, यावरून पुढचा निर्णय ठरतो.

बदल कुठून सुरू करायचे

आधी ते, ज्यांना फक्त पाना लागतो. हँडल क्लॅम्पमध्ये थोडं पुढे-मागे फिरवा, लिव्हर मनगटाच्या रेषेत आणा, ब्रेक पॅडल आणि गियर लिव्हरची उंची तुमच्या बुटाप्रमाणे करा. मागच्या शॉकचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते, तपासा. तुम्ही बसल्यावर मागचा भाग एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश खाली बसायला हवा. म्हणजे ९० मिलिमीटर प्रवास असेल तर ३० च्या आसपास. माझ्या पहिल्या व्ही-ट्विनचा शॉक दगडासारखा होता. नवे शॉक घ्यायचं ठरवून झालं होतं, आणि मग लक्षात आलं की आधीच्या मालकाने मागे दोघं बसवायला आणि सामानासाठी प्रीलोड पूर्ण वर चढवून ठेवलं होतं. तीन खाचा खाली आणल्या आणि ते शॉक अजूनही गाडीवरच आहेत.

हँडल बदलायचंच असेल तर क्लच केबल, थ्रॉटल केबल, ब्रेक होज आणि वायरिंग या चारही गोष्टींची लांबी पुरते का ते आधी बघा. बसवल्यावर इंजिन सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. फेऱ्या जराही वाढल्या तर केबल ताणली जातेय, आणि अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही. माझ्याकडून ही चाचणी एकदा राहून गेली होती. डावीकडे पूर्ण वळताना गाडीने आपोआप ओढ घेतली; समोर जागा होती म्हणून निभावलं.

गाडी खाली बसवण्याच्या मी विरोधात आहे. पाय टेकतात खरे, पण फूटपेग आणि सायलेन्सर वळणावर लवकर घासतात, शॉकचा आधीच तोकडा प्रवास आणखी कमी होतो आणि साइड स्टँडवर गाडी जास्त उभी राहून पडायला टेकते. उंची अडचणीची असेल तर आधी सीटचा फोम कडांना उतरता करून घ्या.

जादा दिवे लावताना बेरीज करा. ५५ वॉटचे दोन म्हणजे ११० वॉट, सुमारे नऊ अँपिअर. जुन्या क्रूझरच्या स्टेटरला तेवढं झेपेलच असं नाही. एलईडी घ्या, पण रिले आणि स्वतंत्र फ्यूज टाळू नका.

सायलेन्सर आणि एअर फिल्टर सर्वांत शेवटी. मोकळा सायलेन्सर आणि जास्त हवा घेणारा फिल्टर बसवला की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटल सोडल्यावर पाइपमधून फटफट आवाज येतो, इंजिन जास्त तापतं, आणि पहिला त्रास त्या मागच्या सिलिंडरला होतो. कार्ब्युरेटर असेल तर जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) बदलावे लागतात, इंजेक्शन असेल तर मॅपिंग (किती पेट्रोल सोडायचं याचं कॉम्प्युटरमधलं सेटिंग). प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर असेल तर दोघांचं सिंक्रोनायझेशन व्हॅक्यूम गेज लावून करून घ्या. कित्येकदा एवढ्यानेच गाडी इतकी सुरेख चालते की सायलेन्सरचा विषय मागे पडतो. आवाजाची कायदेशीर मर्यादाही विकत घेण्याआधीच पाहा.

एका वेळी एकच बदल करा आणि त्यानंतर किमान दोनशे किलोमीटर चालवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. काढलेला मूळ पार्ट त्याच्या नटबोल्टसह पिशवीत घालून, वर नाव लिहून ठेवा. व्ही-ट्विनची कंपनं बोल्ट सैल करतात, म्हणून नव्या कामावर गरजेप्रमाणे थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, सायलेन्सरच्या फ्लँजपासून हँडलच्या क्लॅम्पपर्यंत सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.