लॉनवर माती-वाळू टाकताना हात आवरा
लॉनला टॉपड्रेसिंग करायचं (म्हणजे गवतावर मातीचा पातळ थर द्यायचा) तर गवत जोमात वाढत असतानाच करा, आधी जरा बारीक कापून घ्या आणि बागकामाच्या काट्याने (फोर्कने) जमिनीत भोकं पाडा. मग चाळलेली कोरडी माती ३ ते ५ मिमीच पसरायची, गवताची टोकं वर दिसलीच पाहिजेत, नाहीतर खालचं गवत गुदमरून पिवळं पडतं (उत्साहात सगळे इथेच चुकतात). ५ मिमी म्हणजे १ चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही! खाली चिकणमाती असेल तर वर नुसत्या वाळूचा थर नको, दोन थर वेगळे राहतात आणि मुळं वरच्यावरच फिरतात, त्यापेक्षा खालच्यासारखीच माती थोडं कंपोस्ट मिसळून वापरा. समुद्राची वाळू तर अजिबात नको, मीठ असतं. शेवटी झाडूने घासून भोकांत उतरवा, हलकं पाणी द्या.