बाहेरची हँडल काढण्याआधी चोर-केबल टाका

दार सपाट, गुळगुळीत दिसावं म्हणून पिकअपची बाहेरची हँडल काढली की दार रिमोटने, सोलेनॉइडवर (विजेवर खटका ओढणारा भाग) उघडतं. बॅटरी उतरली की गाडी आतून बंद आणि आपण बाहेर! म्हणून हँडलच्या भोकावर पत्रा मारण्याआधीच:

1. ड्रायव्हरच्या दाराच्या लॅचला (दार धरून ठेवणारा खटका) सायकलची ब्रेक केबल जोडा. बिजागरीजवळच्या वायरिंगच्या रबरी नळीतून ती गाडीखाली न्या. हाताला लागेल, पण नजरेला दिसणार नाही अशी बांधा.
2. काच खाली ठेवून दार लावा, केबल ओढून बघा.
3. मगच दाराच्याच जाडीचा पत्रा बसवा. वेल्डचा एक टाका इकडे, पुढचा समोर. मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. सलग वेल्ड ओढलं की पत्रा लाटा धरतो, आणि कितीही पुट्टी भरली तरी उन्हात त्या दिसतातच.

आतलं हँडल मात्र काढू नका. अपघातात वीज गेली तर बाहेर पडायला तेच कामी येतं.