जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट कसे टाकावे

विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या प्रोसेसरना दारातच उभे करते. घरातला दहा वर्षांचा, बिजागरी ढिली झालेला लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, टाकून बघा. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आरामात चालते, २ जीबीवरही कुरकुरत का होईना चालते. मिंटच्या २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आधी फोटो, टॅलीचा डेटा, बँकेच्या पीडीएफ असे सगळे बाहेरच्या हार्डडिस्कवर काढा. मग तिथली एखादी फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून खात्री करा. बॅकअप घेतला म्हणणारे पुष्कळ भेटतात, उघडून पाहिलेले फार थोडे.

मिंटच्या साइटवरून आयएसओ फाईल, म्हणजे अख्खी सिस्टीम असलेली एकच फाईल, उतरवा, साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे. फाईल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून भागत नाही. रुफस किंवा बलेनाएचरसारखे प्रोग्रॅम ती बूट होईल, म्हणजे कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू होईल, अशी लिहून देतात.

आता लॅपटॉप पूर्ण बंद करा, पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताच बूट मेनूची कळ टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिनिटा-दोन मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप समोर येतो. अजून हार्डडिस्कला हातही लागलेला नाही, सगळे पेनड्राइव्हवरून चालले आहे.

इथे घाई करू नका, तासभर काढा. वायफाय जोडून बघा, एखादे गाणे लावा, कॅमेरा चालतो का पाहा, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागे होते का तेही पाहा. मी एकदा हे न करता थेट इन्स्टॉल केले आणि नंतर कळले की वायफायची चिपच ओळखली जात नाही. ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर. शेवटी मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडला, मोबाईलचे इंटरनेट केबलने लॅपटॉपला देणारे यूएसबी टेदरिंग चालू केले, ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडला. पाच मिनिटांचे काम, पण त्याआधी तासभर डोके धरून बसलो होतो.

सगळे जमतेय असे दिसले की डेस्कटॉपवरचे इन्स्टॉलचे चिन्ह दाबा. भाषा, कीबोर्ड, गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत टिक, एवढे पटापट होते. खरा प्रश्न डिस्कचा. ‘इरेज डिस्क’ निवडले तर विंडोजसकट सगळे जाते. विंडोज ठेवायचे असेल तर ‘अलाँगसाइड’चा पर्याय आहे. त्यासाठी आधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न होता झटपट सुरू होण्याची सोय) बंद करा, बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप असेल तर तेही काढा. माझे मत विचाराल तर जुन्या, लहान डिस्कवर दोन संसार मांडू नयेत. मशीनमध्ये एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही असतील तर आकारावरून नीट ओळखून योग्य तीच निवडा.

पुढे नकाशावर कोलकाता वेळ निवडायची, नाव आणि पासवर्ड द्यायचा. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगणारी ओळ येते. तिथे कॉम्प्युटर अडकला असे समजून पुष्कळ जण पॉवरचे बटण दाबतात. तो फक्त तुमच्या एंटरची वाट बघत असतो.

सुरू झाल्यावर सी ड्राइव्ह शोधू नका, तो नाही. युनिक्स १९६९मध्ये बेल लॅब्समध्ये आकाराला येऊ लागले. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहिताना त्याचे वळण उचलले. त्या वळणात सगळ्या फाईली एकाच मुळापासून फुटतात, पेनड्राइव्हसुद्धा त्यातलीच एक फांदी. तुमच्या कामापुरते ‘होम’ हे फोल्डर लक्षात ठेवा.

‘अपडेट मॅनेजर’ चालवा. ‘टाइमशिफ्ट’ला आठवड्याला सिस्टीमचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्यायला सांगा, म्हणजे अपडेटने काही बिघडले तर मागे येता येते. मात्र तो मुळात सिस्टीम जपतो. तुमचे फोटो जपायला बाहेरची हार्डडिस्कच हवी.

मराठीसाठी सेटिंग्जमधील कीबोर्डच्या ‘लेआउट’ टॅबमध्ये ‘युज सिस्टीम डिफॉल्ट्स’ची टिक काढा आणि मराठी इन्स्क्रिप्ट ही कळांची प्रमाण मांडणी जोडा. इन्स्क्रिप्टमध्ये के म्हणजे क, डी म्हणजे पाय मोडण्याची खूण, जे म्हणजे र. तिन्ही ओळीने दाबले की ‘क्र’ उमटतो. स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. पहिला आठवडा बोटे अडखळतात, तोवर कीबोर्डचा छापील तक्ता स्क्रीनशेजारी चिकटवून ठेवा.