रंधा मशीन चालू करण्याआधी

पाती तपासायची असतील तर आधी मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. नुसता स्टार्टर बंद असून भागत नाही. शेजारी काम करणारा माणूस सवयीनं बटण दाबतो, आणि आपला हात तेव्हा ड्रमवर, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या रुळावर असतो.

मग पाती. माझ्या मते अर्धं काम इथंच ठरतं. मागचं टेबल (रंधून झालेली फळी ज्यावर जाते ते; पुढचं म्हणजे जिथून फळी आत सरकवतो ते) आणि फिरत्या पात्याचा सर्वांत वरचा बिंदू एका पातळीत हवा. सरळ लाकडी पट्टी मागच्या टेबलावर ठेवून तिचं टोक ड्रमवर येऊ द्या, आणि बेल्ट धरून ड्रम हळू फिरवा. पातं पट्टीला हलकंच घासून दोन-तीन मिलिमीटर सरकवतं. प्रत्येक पात्यानं, दोन्ही टोकांना आणि मधेही, पट्टी तेवढीच सरकली पाहिजे. मागचं टेबल खाली राहिलं तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो. वर राहिलं तर फळी त्याच्या कडेला अडते, नाहीतर निमुळती निघते. पात्यांचे बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळा आणि शेवटी सगळे परत एकदा बघा. सैल पातं सुटून येतं.

थ्री फेज मोटरच्या वायरिंगला नुकताच हात लागला असेल तर फिरण्याची दिशा नक्की बघा. ड्रमच्या वरच्या बाजूची धार लाकूड सरकवणाऱ्याकडे यायला हवी.

गाइड, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवतो ती उभी पट्टी, गुण्यानं टेबलाशी काटकोनात लावा. गार्ड, म्हणजे ड्रमवरचं झाकण, फळीच्या रुंदीपुरताच उघडा ठेवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात टेबलाच्या ओतीव लोखंडावर दोन दिवसांत गंज धरतो, तो काढून मेण चोळा. तेल लावू नका, लाकडाला डाग पडतात.

जुन्या वाड्याचं सागवान आणलं असेल तर त्यावर लोहचुंबक फिरवा. माझ्याकडे एका तुळईत गाडला गेलेला खिळा राहिला होता. तिन्ही पाती एका फेरीत दातेरी झाली. फळीची खोलगट बाजू खाली ठेवा, म्हणजे ती दोन कडांवर टेकते आणि डुलत नाही. लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेनं फळी घातली तर ढलप्या उपटतात. एका फेरीत एक मिलिमीटर पुरे, बाभळीसारख्या कठीण लाकडाला त्याहून कमी. एक फुटापेक्षा आखूड तुकडा या मशीनवर घेऊच नका, हातरंध्यानं करा.

हातमोजे नकोत, ते पात्यात ओढले जातात. गळ्यातली माळ, हातातलं कडं, मोकळ्या बाह्या यांचंही तेच. चष्मा, मास्क आणि कानाला बोळे मात्र हवेतच. पातळ फळी ढकलायला हाताऐवजी लाकडी दट्ट्या वापरा. हात ड्रमच्या वरून कधीच जाऊ देऊ नका: आधी पुढच्या टेबलावर दाब, मग हात उचलून मागच्या टेबलावर. फळीच्या मागच्या टोकाला बोटं गुंडाळून ढकलू नका.

मशीन बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत भुसा झाडायला हात घालू नका.